होमोसिस्टीन वाढले, म्हणजे नेमके काय बिघडले?

प्रश्न : वार्षिक तपासणीत माझ्या रक्तातील होमोसिस्टीन २७ मायक्रोमोल प्रति लिटर आले. साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब ठीक आहेत. मी पूर्ण शाकाहारी आहे, दूधही फारसे घेत नाही, आणि आम्लपित्तासाठी काही वर्षे रोज एक गोळी घेतो. डॉक्टरांनी बी-१२ तपासायला सांगितले आहे. मात्र हे हृदयविकार घडवणारे विष आहे, असे एका परिचितांनी सांगितल्यापासून मनात धास्ती बसली आहे. हा पदार्थ शरीरात येतो कोठून? आणि तो विषारी असेल, तर शरीर तो तयारच का करते?

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यातच अर्धे उत्तर आहे. शरीर होमोसिस्टीन चुकून तयार करत नाही. एक अत्यंत आवश्यक काम करताना ते क्षणोक्षणी तयार होते आणि निरोगी पेशीत ते लगेच पुढच्या वाटेला लागते. म्हणून त्याला विष म्हणण्याऐवजी चयापचयातील मधला टप्पा म्हणणे अधिक योग्य ठरेल.

मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातील प्रथिनांतूनच मिळवावे लागते. प्रथिने घडवणे हे त्याचे एक काम झाले. दुसरे काम असे, की त्याच्या रेणूला जोडलेला मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा छोटा समूह, ते इतर रेणूंना देऊ शकते. त्यासाठी पेशी आधी मेथिओनिनला एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची जोड देऊन एस-अडेनोसिल मेथिओनिन नावाचे क्रियाशील रूप तयार करते. नॉरअड्रेनलिनपासून अड्रेनलिन होणे, क्रिएटिनची निर्मिती, पेशीपटलातील काही मेदद्रव्यांची घडण, डीएनएवर रासायनिक खुणा उमटून काही जनुके बंद राहणे, अशा शंभराहून अधिक क्रियांत हाच मिथाइल गट वापरला जातो. तो देऊन झाल्यावर जो रेणू मागे उरतो, त्यातून अडेनोसिन गळून पडले की शिल्लक राहते ते होमोसिस्टीन. थोडक्यात, मिथाइल गटाच्या प्रत्येक दानामागे होमोसिस्टीनचा एक रेणू जन्माला येतो.

येथे एक तिठा लागतो, असे समजा. एक वाट मागे मेथिओनिनकडे वळते : फोलेट या बी गटातील जीवनसत्त्वाच्या एका रूपाने आणलेला मिथाइल गट बी-१२ च्या मध्यस्थीने होमोसिस्टीनवर बसतो आणि मेथिओनिन पुन्हा तयार होते. (यकृतात आणि मूत्रपिंडात हेच काम बीटेनच्या साहाय्यानेही होते.) दुसरी वाट पुढे जाते : सिस्टाथायोनिन बीटा-सिंथेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, बी-६ च्या मदतीने होमोसिस्टीनला सेरीन या अमिनो आम्लाशी जोडते, त्यातून सिस्टाथायोनिन आणि पुढे सिस्टीन हे अमिनो आम्ल मिळते, जे ग्लुटाथायोन आणि टॉरिन यांसारख्या उपयुक्त पदार्थांसाठी लागते. या दोन वाटांपैकी कोणती धरायची, हे पेशी बरेचसे मेथिओनिनच्या साठ्यावरून ठरवते. साठा भरपूर असेल, तर एस-अडेनोसिल मेथिओनिन स्वतःच पुढची वाट मोकळी करते आणि मागच्या वाटेसाठी लागणाऱ्या फोलेटचा पुरवठा आवरते. साठा कमी पडला, की उलट घडते. इतकी नेटकी व्यवस्था असल्यामुळेच पेशीत होमोसिस्टीन साठत नाही. जे खपत नाही ते पेशी बाहेर टाकते, आणि रक्ततपासणीत आपण मोजतो ते हेच बाहेर आलेले होमोसिस्टीन. त्याचा बहुतांश भाग रक्तद्रवातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो. अहवालात चिकटलेले आणि सुटे असे दोन्ही मिळून एकूण आकडा दिलेला असतो.

आता आपल्या २७ कडे येऊ. साधारणपणे ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर ही पातळी सामान्य धरली जाते. १५ ते ३० ही मध्यम वाढ, ३० ते १०० त्याहून अधिक आणि १०० च्या वर तीव्र वाढ समजली जाते. आपली वाढ मध्यम गटातली आहे आणि तिचे संभाव्य कारण आपल्या पत्रातच दोनदा आले आहे. वनस्पतिजन्य अन्नातून बी-१२ भरवशाने मिळत नाही, आणि आपण दूधही फारसे घेत नाही, हे एक. अन्नातील प्रथिनांना चिकटलेले बी-१२ सुटे व्हायला जठरातील आम्ल लागते. ते आम्ल कमी करणारी गोळी दीर्घकाळ घेतली, तर जे थोडे बी-१२ पोटात जाते त्याचेही शोषण घटू शकते, हे दुसरे. बी-१२ कमी पडले की मागे वळणारी वाट तुंबते आणि होमोसिस्टीन रक्तात वाढते. रक्तक्षय दिसू लागण्याच्या आधीही हे घडू शकते, आणि या तपासणीचा खरा उपयोग मला येथेच दिसतो.

बी-१२ चा आकडा काठावरचा आला, तर डॉक्टर मिथाइलमेलॉनिक आम्लाची तपासणी सुचवू शकतात. बी-१२ च्या कमतरतेत ते आम्लही वाढते, फोलेटच्या कमतरतेत वाढत नाही. त्यामुळे दोहोंतला फरक कळतो. एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. निदान होण्याआधी केवळ फोलिक ॲसिडच्या (म्हणजे फोलेटच्या कृत्रिम रूपाच्या) गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत. बी-१२ ची कमतरता असताना एकट्या फोलिक ॲसिडने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा वाढणे यांपैकी काही जाणवत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे.

बी-१२ आणि फोलेट दोन्ही पुरेसे निघाले, तर क्रिएटिनिन आणि थायरॉइड पाहावे लागते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावले किंवा थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले, तरी होमोसिस्टीन वाढते. मेथोट्रेक्सेट, फेनिटॉइन आणि दीर्घकाळ घेतलेले मेटफॉर्मिन ही औषधेही या यादीत आहेत. आपण काय काय घेता ते डॉक्टरांना दाखवावे, आणि आम्लपित्ताची गोळी परस्पर बंद न करता तिची गरज अजून आहे का, हे त्यांनाच विचारावे.

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. होमोसिस्टीन वाढलेल्यांना हृदयविकार अधिक होतो, असे एका ठिकाणी वाचले. बी जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरते, पण हृदयविकार टळत नाही, असे दुसऱ्या ठिकाणी वाचले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात?

उत्तर : दोन्ही खरी आहेत. त्यांचा मेळ घालण्यासाठी या कल्पनेचा इतिहास पाहावा लागेल, आणि तो वैद्यकातील अतिशय बोधक प्रकरणांपैकी एक आहे, असे माझे मत आहे.

होमोसिस्टीनचा शोध १९३२ मध्ये लागला. व्हिन्सेंट द्यू विन्यो आणि त्यांच्या सहकाऱ्याने मेथिओनिनवर तीव्र सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून ते मिळवले. गंधकयुक्त संयुगांवरील कामासाठी द्यू विन्यो यांना पुढे १९५५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तीस वर्षे हा विषय रसायनशास्त्रज्ञांपुरताच राहिला. १९६२ मध्ये उत्तर आयर्लंड आणि अमेरिका येथील संशोधकांना स्वतंत्रपणे असे आढळले, की बौद्धिक वाढ खुंटलेल्या काही मुलांच्या लघवीतून होमोसिस्टीन मोठ्या प्रमाणात बाहेर पडते. होमोसिस्टिनुरिया या विकाराची ती पहिली ओळख. या मुलांना कोवळ्या वयात रक्ताच्या गुठळ्या होत असत.

कल्पनेची उडी घेतली ती अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञ किल्मर मॅककली यांनी. १९६९ मध्ये त्यांनी दोन मुलांच्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक आठ वर्षांचा मुलगा १९३३ मध्ये पक्षाघाताने दगावला होता, आणि त्याला होमोसिस्टिनुरिया असावा हे कळायला तीन दशके जावी लागली. दुसरे होते सुमारे दोन महिन्यांचे बाळ, ज्याला बी-१२ वापरता न येण्याचा जन्मजात दोष होता. दोघांच्याही धमन्या वयाला न शोभणाऱ्या रीतीने जाड आणि कठीण झाल्या होत्या. येथे युक्तिवाद नीट पाहा. पहिल्या दोषात पुढे जाणारी वाट बंद असते, त्यामुळे मेथिओनिन वाढते. दुसऱ्या दोषात मागे वळणारी वाट बंद असते, त्यामुळे मेथिओनिन उलट घटते. दोन्हींत समान रीतीने वाढते ते फक्त होमोसिस्टीन. तेव्हा धमन्यांचे नुकसान होमोसिस्टीनमुळेच होत असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्यापुढे जाऊन सुचवले, की सर्वसामान्य माणसांतही थोडेसे वाढलेले होमोसिस्टीन हळूहळू हेच करत असावे.

निष्कर्षाचा पहिला भाग आजही टिकून आहे. अडचण दुसऱ्या भागाची. पुढच्या दशकांत अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत असे दिसले, की हृदयविकार आणि पक्षाघात झालेल्यांत होमोसिस्टीन सरासरीने अधिक असते. फोलिक ॲसिडच्या गोळीने ते सुमारे पाव हिश्शाने उतरते, हेही ठाऊक होते. गोळी स्वस्त आणि तुलनेने निरुपद्रवी. मग प्रयोग करून पाहणे ओघानेच आले. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकदमच आले. होप-२ या चाचणीत रक्तवाहिन्यांचा विकार किंवा मधुमेह असलेल्या ५,५२२ जणांना सुमारे पाच वर्षे फोलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ किंवा त्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. नॉर्वेतील नॉरविट या चाचणीत नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ३,७४९ रुग्ण होते. दोन्हींत होमोसिस्टीन अपेक्षेप्रमाणे उतरले. हृदयविकाराचे झटके आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. त्यानंतर २०१० मध्ये १२,०६४ रुग्णांच्या सर्च या ब्रिटिश चाचणीनेही तेच सांगितले.

याचा अर्थ लावताना माझा कल असा आहे : मध्यम वाढीत होमोसिस्टीन हे बहुधा कारणापेक्षा खूण म्हणून अधिक बोलते. मूत्रपिंड थकले, धूम्रपान असले, आहार निकृष्ट असला की ते वाढते. आणि याच गोष्टी स्वतंत्रपणे धमन्याही बिघडवतात. खूण पुसली म्हणून मूळ बिघाड दुरुस्त होत नाही. १०० च्या वरच्या पातळीबाबत जे सिद्ध झाले होते, ते २० च्या पातळीलाही त्याच प्रमाणात लागू पडेल असे गृहीत धरले गेले, आणि घसरण तेथे झाली. मूळ निरीक्षण खोटे नव्हते; ते ताणले गेले.

तरीही हे प्रकरण पूर्णपणे मिटलेले नाही, आणि विद्यार्थिनी म्हणून आपण त्यातली एक फट लक्षात ठेवावी. होप-२ मध्ये पक्षाघाताचे प्रमाण गोळ्या घेणाऱ्यांत काहीसे कमी होते. २०१५ मध्ये चीनमधील २०,७०२ उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. त्यात एका गटाला रक्तदाबाचे एनालाप्रिल हे औषध, तर दुसऱ्याला तेच औषध ०.८ मिलिग्रॅम फोलिक ॲसिडसह दिले होते. पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले. या भागात पिठात फोलिक ॲसिड मिसळण्याची सक्ती नव्हती, तर अमेरिकेत ती १९९८ पासून आहे. ज्यांना फोलेट आधीच पुरेसे मिळते त्यांना आणखी देऊन फरक पडत नाही आणि ज्यांना कमी पडते त्यांना पडतो, ही शक्यता त्यामुळे विचारात घ्यावी लागते. तेव्हा यापुढे 'उपयोग होतो' किंवा 'होत नाही' असे वाचाल, तेव्हा कोणाला, कोणत्या विकारासाठी आणि आधीची फोलेटची स्थिती काय असताना, हे आधी तपासा.

प्रश्न : एकाच आठवड्यात दोन प्रयोगशाळांत तपासणी केली. एकीत होमोसिस्टीन १९ आले, दुसरीत १३. कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : जिने रक्त घेतल्यावर नळी लवकर थंड केली असेल, तिच्यावर. नळीतल्या रक्तातील तांबड्या पेशी जिवंतच असतात. त्या होमोसिस्टीन बनवत राहतात आणि बाहेर टाकत राहतात. खोलीच्या तापमानाला रक्त तसेच राहिले, तर आकडा दर तासाला सुमारे दहा टक्के वाढू शकतो. सकाळी घरी येऊन घेतलेले रक्त आणखी काही घरे फिरून दुपारी प्रयोगशाळेत पोचले, तर १३ चे १९ व्हायला रोगाची गरज नाही. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवून, तासाभराच्या आत यंत्रात फिरवून रक्तद्रव पेशींपासून वेगळा करावा, असा संकेत आहे. पुढच्या वेळी प्रयोगशाळेत जाऊनच रक्त द्या आणि नळी बर्फात ठेवतात का, हे सरळ विचारा. ओशाळण्यासारखे त्यात काही नाही. तपासणी उपाशीपोटी केलेली बरी, कारण प्रथिनयुक्त जेवणानंतर काही तास पातळी चढलेली राहते.

प्रश्न : होमोसिस्टीन मेथिओनिनपासून होते, तर मेथिओनिन असलेली प्रथिने कमी खावीत का?

उत्तर : नाही. मांसाहारी माणूस शाकाहाऱ्यापेक्षा साधारणपणे अधिक मेथिओनिन खातो. तरीही होमोसिस्टीन शाकाहाऱ्यांत अधिक आढळते, कारण अडते ते बी-१२ पाशी. मेथिओनिनचे पथ्य लागते ते केवळ जन्मजात विकारात, आणि तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

प्रश्न : एमटीएचएफआर या जनुकाची तपासणी करून घ्यावी, असा सल्ला एका आहार सल्लागाराने दिला आहे. ती गरजेची आहे का?

उत्तर : बहुतेकांना नाही. या जनुकावरून बनणारे विकर मागच्या वाटेसाठी लागणारे फोलेटचे रूप तयार करते. त्याचा ६७७ व्या स्थानी बदल झालेला एक प्रकार जगभर पुष्कळ लोकांत आढळतो; तो आई आणि वडील दोघांकडून आला, तर विकर मंद चालते आणि विशेषतः फोलेट कमी असताना होमोसिस्टीन थोडे वाढते. पण तेवढ्याने उपचार बदलत नाही : होमोसिस्टीन वाढलेले असेल, तर जीवनसत्त्वांची स्थिती पाहायची असते, मग जनुक कोणतेही असो. अमेरिकेतील वैद्यकीय आनुवंशिकी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच रक्ताच्या गुठळ्या किंवा वारंवार गर्भपात यांसाठी ही तपासणी सरसकट करू नये, असे म्हटले आहे. या अहवालाच्या आधारे महागड्या गोळ्यांची जंत्री हाती दिली जात असेल, तर ती घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातील भिंग जागेवरून सरकले आहे. तो वयाच्या मानाने उंच आणि सडपातळ आहे. नेत्रतज्ज्ञांनी होमोसिस्टीन तपासायला सांगितले. डोळ्याचा आणि याचा काय संबंध?

उत्तर : नेत्रतज्ज्ञांनी सुचवलेली तपासणी अतिशय योग्य आहे, ती लांबवू नये. वर उल्लेखलेल्या होमोसिस्टिनुरियात सिस्टाथायोनिन बीटा-सिंथेज हे विकर जन्मतःच निकामी किंवा दुबळे असते आणि होमोसिस्टीन बहुधा १०० च्या कितीतरी वर जाते. भिंगाला जागेवर धरून ठेवणारे सूक्ष्म धागे त्यामुळे कमकुवत होतात. उंच, सडपातळ बांधा आणि सरकलेले भिंग मारफान सिंड्रोम या वेगळ्या आनुवंशिक विकारातही दिसते. पण त्यात भिंग बहुधा वर सरकते आणि सांधे सैल असतात, तर होमोसिस्टिनुरियात ते बहुधा खाली सरकते आणि सांधे ताठर असतात. मात्र या खुणांवर न विसंबता रक्तातील होमोसिस्टीन आणि मेथिओनिन मोजूनच निर्णय घ्यावा लागतो.

निदान झालेच, तर हा हात टेकण्यासारखा विकार नाही. सुमारे निम्म्या रुग्णांत बी-६ मोठ्या मात्रेत दिल्यावर विकराचे उरलेसुरले काम सुधारते. ज्यांना त्याचा उपयोग होत नाही, त्यांच्यासाठी मेथिओनिन मर्यादित ठेवणारा आहार आणि बीटेन हे औषध असते. बी-६ ची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी, कारण ती दीर्घकाळ फार अधिक राहिली तर मज्जातंतूंना इजा होते. उपचाराने होमोसिस्टीन उतरले की रक्ताच्या गुठळ्यांचा धोका स्पष्टपणे घटतो. मध्यम वाढीत चाचण्यांना जे दाखवता आले नाही, ते येथे दिसते.

भिंगाची शस्त्रक्रिया करायची ठरली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही शंका आधीच सांगा, तपासणीचा निकाल यायचा असला तरीही. भुलीत वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड बी-१२ ला निष्क्रिय करतो, म्हणून तो या मुलांत टाळतात, आणि शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर शरीरातले पाणी कमी पडू देत नाहीत. विकार आनुवंशिक असून आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे मुलाचे निदान पक्के झाले, तर त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्तही, कोणतेही लक्षण नसले तरी, तपासून घ्यावे.